पितळेतला तिसरा धातू

नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यासारख्या गावात पितळ दिवसातून अनेकदा हाताखालून जाते. देवघरातली समई, लग्नात आंदण आलेला हंडा, पाण्याच्या टाकीची तोटी, विहिरीवरच्या पंपाचा बुश, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधली रिंग, खिशातल्या वीस रुपयांच्या नाण्याचा मधला पिवळा भाग, या सगळ्यांचा रंग थोड्याफार फरकाने एकच. मोडीच्या दुकानात त्यांचा ढीगही बहुधा एकच असतो. गुण मात्र अगदी वेगवेगळे. हंडा हातोडीच्या ठोक्यांनी पातळ पसरतो. रिंग तशी पसरत नाही, पण पोलादावर हजारो वेळा घासूनही तिचे दाते शाबूत राहतात. तोटीचे पितळ लेथवर भराभर कातले जाते, कारण त्यात शिसे घातलेले असते. एका रंगाखाली इतके फरक कुठून येतात, याचे उत्तर घटकांच्या प्रमाणात आहे आणि तो धातू कसा थंड झाला यातही आहे.

हे पुस्तक ते उत्तर एका मिश्रधातूच्या आधाराने शोधते. तो मिश्रधातू म्हणजे मँगनीज पितळ.

तांबे आणि जस्त हा पितळेचा पाया. त्यात अर्ध्या टक्क्यापासून काही टक्क्यांपर्यंत मँगनीज आणि त्याच्या जोडीला बहुतेक वेळा लोखंड व ॲल्युमिनियम, क्वचित सिलिकॉन किंवा निकेल घातले की पितळेचा स्वभाव पालटतो. कारखान्यात या गटाला ‘हाय टेन्साइल ब्रास’ किंवा थोडक्यात ‘एचटीबी’ म्हणतात. भारतीय मानक आयएस ३०४ याच गटासाठी आहे. बाजारात मात्र ‘मँगनीज ब्रॉन्झ’ हे जुने नाव जास्त चालते. त्यात कथील नसते किंवा नावापुरते असते, म्हणून घटक पाहता ते पितळच आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान् पिढ्या ओळखले जाते, आणि त्याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीजच्या खाणी आहेत. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव आणि बेलडोंगरीला हेच खनिज निघते. मध्य प्रांतात मँगनीजचा शोध आणि उपसा १८९६च्या सुमारास सुरू झाला. भूवैज्ञानिक एल. ली. फर्मोर यांनी १९०९मध्ये भारतातल्या मँगनीज खनिजांवर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही या विषयाचा आधार मानला जातो. तिथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले, ते जगभरच्या भूशास्त्रात रुळले. १९६२मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘मॉइल’कडे आज या खाणी आहेत. तिथले खनिज मुख्यतः पोलादासाठी लागणाऱ्या फेरोमँगनीजकडे आणि काही प्रमाणात कोरड्या बॅटरीसाठीच्या मँगनीज डायॉक्साइडकडे जाते. जगातही तसेच आहे. सुमारे नव्वद टक्के मँगनीज पोलाद गिळते. एकाच जिल्ह्यात पितळेची ठोकठोक आणि मँगनीजची खाण असूनही दोन्हींचा विचार मराठीत एकत्र फारसा झाला नाही. ती उणीव भरून काढायची म्हणून हे पुस्तक लिहिले गेले.

विषयाचा इतिहास खानदेशातूनच सुरू करता येतो. नंदुरबार जिल्ह्यात तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे १९५४-५५मध्ये बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ओतीव शिल्पे सापडली. त्यांच्या तांब्यात आर्सेनिकचे प्रमाण लक्षणीय निघाले. ओतकामाची एवढी पकड असलेल्या त्या काळात या भागात पितळ नव्हते, कारण जस्त हाती लागत नव्हते.

जस्ताची अडचण भट्टीत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होते. खनिजातून जस्त सुटे करायला याहून जास्त उष्णता लागते, म्हणजे सुटे होताक्षणी ते वायुरूपात असते आणि हवा लागली की त्याची पांढरी राख होते. म्हणून जुने कारागीर जस्त वेगळे काढण्याच्या फंदात पडत नसत. तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवून ते वाफ थेट तांब्यात मुरवत. तक्षशिलेला सापडलेल्या इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या एका पात्रात सुमारे ३४ टक्के जस्त आहे. मुरवण्याच्या रीतीने एवढे जस्त सहसा भरत नाही, त्यामुळे अभ्यासक त्या पात्राकडे पुन्हा पुन्हा वळतात.

खरी उडी राजस्थानातल्या झावरची. उदयपूरजवळच्या या गावात मध्ययुगात जस्ताचे ऊर्ध्वपातन कारखानदारीच्या प्रमाणावर चालत होते. एका भट्टीत छत्तीस मुशी उलट्या लावत. वाफ खाली उतरे आणि थंड कोठडीत जस्त होऊन टपके. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात या कामाच्या वांग्याच्या आकाराच्या मुशीचे वर्णन आहे आणि उत्खननात निघालेल्या मुशी त्याच घडणीच्या आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनला जस्त काढण्याचे पेटंट मिळाले ते १७३८ साली. सुटे जस्त हाती आल्यावर पितळेचे प्रमाण वजन करून ठरवता येऊ लागले. पुण्याच्या तांबट आळीतले, नाशिकचे आणि भंडाऱ्याचे कारागीर ज्या पितळेवर वाढले, ते या बदलानंतरचे.

एकोणिसाव्या शतकात जहाजांनी पितळेकडून नवीन मागणी केली. १८३२मध्ये जॉर्ज मुंट्झ याने साठ भाग तांबे आणि चाळीस भाग जस्त असे मिश्रण लाकडी जहाजांच्या तळाला मढवण्यासाठी आणले. शुद्ध तांब्यापेक्षा ते स्वस्त होते आणि तापवून सहज लाटता येई. १८६०मध्ये ऑस्ट्रियात आइख याने त्यात थोडे लोखंड घातले. १८८३मध्ये अलेक्झांडर डिकने त्याच वाटेने ‘डेल्टा मेटल’ काढले. या दोघांच्या मधे, १८७६मध्ये, पर्सिव्हल पार्सन्सने वितळलेल्या मिश्रणात फेरोमँगनीज टाकले आणि मँगनीज ब्रॉन्झ जन्माला आले. लोखंड पितळेत सरळ विरघळायला राजी नसते. मँगनीज त्याला सोबत घेऊन जाते आणि जाता जाता द्रवातला ऑक्सिजनही काढून घेते. यंत्राने चालणाऱ्या जहाजांना पंख्यासाठी असा धातू हवाच होता. नंतरची कित्येक दशके जहाजांचे पंखे मुख्यतः याच धातूचे ओतले गेले.

आता धातूच्या पोटात शिरू. पितळेचा तुकडा घासून आरशासारखा गुळगुळीत केला, त्यावर फेरिक क्लोराइडचे द्रावण क्षणभर लावले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर दोन मुलुख दिसतात. उजळ दिसतो तो अल्फा, काळवंडतो तो बीटा. पुण्याच्या सीओईपीच्या किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीच्या धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा हा सुरुवातीचा धडा असतो. जस्त साधारण पस्तीस टक्क्यांपर्यंत असेल तर सगळा तुकडा अल्फाचा. तो मऊ, ताणला जाणारा, थंडपणी ठोकता येणारा. हंडा या जातीचा. चाळिशीच्या आसपास बीटा मिसळू लागतो. तो बळकट आणि कठीण, थंडपणी हट्टी, पण तापवला की मेणासारखा वळतो. पन्नाशीच्या पुढे गॅमा येतो आणि धातू काचेसारखा ठिसूळ होतो.

मँगनीज आणि त्याचे सोबती या हिशेबात ढवळाढवळ करतात. फ्रेंच धातुशास्त्रज्ञ लेऑं गिये यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक सोपी रीत दिली. प्रत्येक घटक किती जस्ताइतका परिणाम करतो, तो आकडा धरायचा. एक टक्का ॲल्युमिनियम सहा टक्के जस्ताबरोबर, सिलिकॉन दहाबरोबर, लोखंड ०.९ आणि मँगनीज फक्त ०.५. निकेलचा आकडा उणे आहे, ते धातूला अल्फाकडे परत ओढते.

एक उदाहरण सोडवून पाहू. तांबे ६४, जस्त २५, ॲल्युमिनियम ५, लोखंड ३ आणि मँगनीज ३ टक्के. वरवर पाहता जस्त कमी आहे, म्हणजे धातू मऊ असावा. पण २५ मध्ये ॲल्युमिनियमचे ३०, लोखंडाचे २.७ आणि मँगनीजचे १.५ मिळवले की जस्ताचा प्रभावी आकडा ५९.२ होतो. त्यात तांब्याचे ६४ मिळवून टक्केवारी काढली तर ४८. म्हणजे तुकडा जवळजवळ पूर्ण बीटाचा, आणि त्यात लोखंडाचे बारीक कण विखुरलेले. अशा ओतीव धातूची ताणशक्ती अमेरिकी मानकाप्रमाणे किमान ७६० मेगापास्कलच्या घरात लागते. बांधकामातल्या साध्या पोलादाची चारशेच्या आसपास असते. ॲल्युमिनियम थोडे आणखी वाढवले की गॅमा डोके वर काढतो आणि कमावलेले बळ ठिसूळपणात जाते. बळकट आणि निकामी यांच्यात इथे दोन-तीन टक्क्यांचेच अंतर आहे.

या हिशेबात मँगनीजचा आकडा सगळ्यात लहान आहे, आणि तेच त्याचे मोल. धातूचा तोल फारसा न बिघडवता ते लोखंड सामावून घेते, कण बारीक करते, पाण्यात टिकाव वाढवते.

गेल्या दीडशे वर्षांत या एका धातूच्या वापरातून वेगवेगळे पंथ निघाले. सगळ्यात जुना बळाचा पंथ. जहाजाचे पंखे, पुलांचे बेअरिंग, मोठ्या व्हॉल्व्हचे दांडे, जड यंत्रांचे नट ही त्याची कामे. समुद्रात मात्र त्याला प्रतिस्पर्धी मिळाला. खाऱ्या पाण्यात सतत हेलकावे खाताना मँगनीज ब्रॉन्झला थकवा येतो, बुडबुडे फुटून पंख्याच्या पात्यावर खड्डे पडतात आणि बीटामधले जस्त झिजून जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलक्या आणि अधिक चिवट निकेल-ॲल्युमिनियम ब्रॉन्झने मोठ्या पंख्यांवर ताबा मिळवला. तरी जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या नियमांत मँगनीज ब्रॉन्झची जागा कायम आहे. जस्ताचा प्रभावी आकडा ४५ टक्क्यांवर जाऊ नये आणि अल्फा किमान २५ टक्के असावा, अशी अट तिथे घातलेली असते.

दुसरा पंथ घर्षणाचा. मँगनीजबरोबर सिलिकॉन घातले की दोघे मिळून अतिशय कठीण सिलिसाइडचे कण तयार करतात. मऊ पितळेत हे कण रुतून बसतात आणि झीज सोसतात. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणारी सिंक्रोनायझर रिंग या जातीची असते. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या वाहन उद्योगाच्या पट्ट्यात या पितळेला रोजचे काम आहे.

तिसरा पंथ विजेचा आणि नाण्यांचा. मँगनीज तांब्याची वीजवहनक्षमता झपाट्याने घटवते. हा दोष वाटतो, पण एडवर्ड वेस्टनने १८९२च्या सुमारास त्यातूनच ‘मँगनिन’ काढले. सुमारे ८४ टक्के तांबे, १२ टक्के मँगनीज आणि ४ टक्के निकेल अशा या तारेचा रोध तापमान बदलले तरी जवळजवळ हलत नाही, म्हणून मोजमापाच्या उपकरणांत ती बसली. दुसऱ्या महायुद्धात निकेल वाचवण्यासाठी अमेरिकेने पाच सेंटच्या नाण्यात ५६ टक्के तांबे, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज वापरले. २०००मध्ये आलेल्या सोनेरी एक डॉलरच्या नाण्याला तर मँगनीज पितळेचाच थर आहे: ७७ टक्के तांबे, १२ टक्के जस्त, ७ टक्के मँगनीज आणि ४ टक्के निकेल, आत शुद्ध तांबे. नाणे घेऊन वस्तू देणाऱ्या यंत्रांना जुने रुपेरी नाणे आणि नवे सोनेरी नाणे विजेच्या दृष्टीने सारखे वाटायला हवे होते. ते जमवले मँगनीजने. आपल्या वीस रुपयांच्या नाण्याचा मधला भाग ७५ टक्के तांबे, २० टक्के जस्त आणि ५ टक्के निकेलचा आहे. दोन देशांनी सोनेरी रंग मिळवला, पण वेगवेगळ्या वाटांनी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगनीजच्याच एका शोधाने भौतिकशास्त्रज्ञांना चक्रावून टाकले. जर्मनीत फ्रिट्झ हॉयस्लर यांनी तांबे, मँगनीज आणि ॲल्युमिनियम यांचा असा मिश्रधातू बनवला की तो चुंबकाला चिकटतो, आणि त्यातला एकही घटक सुटा असताना चिकटत नाही. चुंबकत्व अणूंच्या परस्पर अंतरावर आणि रचनेवर अवलंबून असते, हे या धातूने हातात ठेवून दाखवले. हॉयस्लर मिश्रधातूंवरचे संशोधन आजही जोरात आहे.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. इंग्रजी अमलात पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवलेल्या पितळी कडतुसांना आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवताना धातूत राहून गेलेला ताण, या तिघांचा तो एकत्रित परिणाम आहे, हे १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या अभ्यासाने स्पष्ट केले. घडवल्यावर धातू हलका तापवून ताण उतरवला की चिरा टळतात. जास्त बीटा असलेले बळकट मँगनीज पितळ या रोगाला विशेष बळी पडते. गोठ्यालगत किंवा युरियाच्या गोणींशेजारी पंपाचे पितळी सुटे भाग वर्षभर ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक असणे फायद्याचे आहे.

हा विषय आजच समोर येण्याला तीन कारणे आहेत. पहिले शिसे. तोटीचे पितळ सोपे कातले जावे म्हणून त्यात दोन-तीन टक्के शिसे घालण्याची जुनी रीत आहे. पिण्याच्या पाण्यात ते उतरते म्हणून अमेरिकेने २०१४पासून पाण्याला लागणाऱ्या भागांतले शिसे सरासरी ०.२५ टक्क्यापर्यंत आवळले. शिसे काढले तर त्याची जागा कोण घेणार, या शोधात सिलिकॉन आणि मँगनीज असलेली पितळे पुन्हा चर्चेत आली. दुसरे कारण मोड. पितळेचा फार मोठा भाग जुन्यातूनच पुन्हा ओतला जातो. गिअरची रिंग, तोटी आणि समई एकाच मुशीत गेली तर सिलिकॉन, शिसे आणि ॲल्युमिनियम एकत्र येतात, आणि ओतलेला बुश कशामुळे फुटला ते कुणालाच सांगता येत नाही. तिसरे कारण माणसाचा जीव. मुशीवर पांढरा धूर उठतो तो जस्ताचा. तो छातीत गेला की ओतकाम करणाऱ्याला रात्री थंडी वाजून ताप भरतो. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर चेतासंस्थेवर परिणाम होतो, हे स्कॉटलंडच्या जॉन कूपर यांनी १८३७मध्येच नोंदवले होते. तुमसरच्या खाणीपासून गल्लीतल्या छोट्या भट्टीपर्यंत हवा खेळती ठेवणे आणि नाक-तोंड झाकणे ही शास्त्राइतकीच निकडीची गोष्ट आहे.

या विषयावरचे बहुतेक लेखन दोन टोकांना आहे. एका टोकाला मानकांचे तक्ते, ज्यांत प्रत्येक घटकाची किमान-कमाल मर्यादा आहे पण कारण नाही. दुसऱ्या टोकाला भट्टीवरचे तोंडी ज्ञान. ज्वाळेचा रंग पाहून जस्त किती उडाले ते ओळखणे, नमुन्याची कांडी तोडून तिच्या भंगातले कण पाहणे, द्रवावर ॲल्युमिनियमची साय धरली की ती न मोडता संथ धार सोडणे. ओताऱ्याच्या हातात कारण असते, पण कागदावर नसते. हे पुस्तक दोन्ही टोके जोडू पाहते. तक्त्यातल्या आकड्यामागे कोणता मुलुख वाढतो ते दाखवते, आणि भट्टीवरच्या सवयीमागचा रासायनिक अर्थ उलगडते.

त्यासाठी वाचकाला उच्च गणित यायला हवे असे नाही. शालेय रसायनशास्त्र आणि टक्केवारी पुरेशी आहे. आयटीआयचा विद्यार्थी, फाउंड्रीचा पर्यवेक्षक, लेथ चालवणारा, मोड घेणारा व्यापारी आणि जुन्या धातूंच्या वस्तूंवर काम करणारा संशोधक, असे पाचही जण डोळ्यांपुढे ठेवून मांडणी केली आहे. म्हणून एकाच गुणाकडे कधी सूक्ष्मदर्शकातून पाहिले जाते, कधी बाजारभावातून, कधी तुटलेल्या सुट्या भागातून. जहाजबांधणीतल्या अतिशय खास मिश्रणांचा आणि हॉयस्लर धातूंच्या पुंजभौतिकीचा तपशील बाजूला ठेवला आहे. त्यांची ओळख करून देऊन पुस्तक कामाच्या धातूंकडे वळते.

विदर्भातल्या खनिजापासून खानदेशातल्या पंपापर्यंतची ही साखळी मराठीत मांडताना काही दुवे अजून कोरे आहेत. छोट्या भट्ट्यांमध्ये मोडीतून ओतलेल्या पितळेत प्रत्यक्ष किती मँगनीज, किती सिलिकॉन असते, याच्या नोंदी ठेवण्याची रीत नाही. म्हणून पुस्तकाच्या शेवटी एक रिकामा तक्ता जोडला आहे. मोड कुठली, मुशीत काय काय घातले, धार सोडताना तापमान किती, साचा वाळूचा की लोखंडी, थंड व्हायला किती वेळ लागला आणि तो भाग पुढे कुठे तुटला, एवढे सहा रकाने त्यात आहेत. ज्या ओताऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ते भरायचे, त्यांच्यासाठी पहिल्या ओळीत एक नमुना सोडवून दिला आहे.